मधली बाटली

"वाईन पाहिजे होती," मी जाळीतून म्हणालो.

"कुठली?" काउंटरवरच्या माणसानं वर न बघता विचारलं.

"वाईनच."

"अहो, बाहेर पाटी काय लिहिलीय? इथं सगळीच वाईन आहे. रम आहे, व्हिस्की आहे, बिअर आहे. काय देऊ?"

"द्राक्षांची," मी आवाज खाली आणून म्हणालो.

तेव्हा त्यानं वर बघितलं. माझ्यामागं रांगेत उभा असलेला कुणीतरी फिसकन हसला. ही दोन हजार तीन सालच्या डिसेंबरातली गोष्ट. नाशिकच्या चहूबाजूंना द्राक्षांचे मांडव, दोन-चार कारखाने द्राक्षांची वाईन करायलाही लागलेले, आणि वाईन शॉपात वाईन मागणारा माणूस मात्र खुळा ठरत होता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तो स्टुलावर चढला. सगळ्यात वरच्या फळीवरून, ट्यूबलाइटच्या मागून, त्यानं तीन बाटल्या काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि माझ्यासमोर ओळीनं मांडल्या. पहिली दोनशेच्या आत, दुसरी साडेतीनशेची आणि तिसरी नऊशेची. मला यातलं काहीच कळत नव्हतं, हे त्याला माझ्या उभं राहण्यावरूनच कळलं असावं.

"बाईमाणूस आहे का?" त्यानं विचारलं.

"होणारी बायको आहे. वाढदिवस आहे तिचा."

"मग ही नेऊ नका, ती म्हणेल नवरा चिकट आहे. ती नेऊ नका, लग्नानंतर दरवर्षी मागेल. मधली न्या. सगळे मधलीच नेतात."

"सगळे म्हणजे?"

"तुमच्यासारखे. दिवाळीत एक जण आले होते."

"चव कशी असते?"

"मी नाही पीत साहेब. मला ॲसिडिटी आहे."

मधली घेतली. त्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली. घरी येऊन मी पहिलं काम केलं ते किमतीचं चिकटलेलं लेबल नखानं खरवडून काढायचं. त्याचा डिंक निघता निघेना, तो रॉकेलच्या बोळ्यानं पुसला.

एवढा आटापिटा कशासाठी, ते सांगायला हवं. दिंडोरीजवळच्या एका गावातल्या कांचन वडजेशी माझा साखरपुडा होऊन दीड महिना झाला होता. तिच्या वडिलांची, दामूअण्णांची, बारा एकर द्राक्षबाग होती. मी एका विमा कंपनीत कारकून. पण मुलगी बघायला गेलो तेव्हा आमच्या बबनमामांनी चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत सांगून टाकलं, "आमचे सुहासराव साहेब आहेत. हाताखाली आठ माणसं आहेत." माझ्या हाताखाली एक टेबल होतं आणि त्याचा एक खण उघडत नव्हता. मी मामांना तिथं अडवलं नाही. नंतरही कुणाला काही सांगितलं नाही. कांचन समोर बसली होती. सावळी, लांब हातांची, माझ्याकडे सरळ बघणारी. ती मला फार आवडली होती, आणि आवडल्यावर खरं बोलायची हिंमत आणखी कमी झाली.

वाढदिवसाच्या चार दिवस आधी तिचा ऑफिसात फोन आला.

"शनिवारी आत्याकडे येतेय, साड्या घ्यायला," ती म्हणाली. "मला तुम्हाला एक विचारायचंय."

"विचार ना."

"फोनवर नको. समोर बसून विचारायचंय."

कळलं. कुणीतरी सांगितलं. आता ती विचारणार, तुम्ही साहेब आहात की कारकून? आणि पितळ उघडं पडलं की हे लग्न मोडणार. माझ्या डोक्यात दुसरं काही येईचना. त्या भीतीतच मी ठरवलं की त्या संध्याकाळी असा काही थाट करायचा की तिच्या तोंडून तो प्रश्नच निघू नये. हॉटेलात जेवायला न्यायचं तर खिशाला झेपत नव्हतं, आणि लग्नाआधी दोघांनीच जायचं तर आत्याबाईंना झेपत नव्हतं. म्हणून शिरीषचं घर.

शिरीष माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याला मत असे. त्याचा एक मावसभाऊ मुंबईत मोठ्या हॉटेलात होता, त्या भांडवलावर शिरीष वाईनमधला तज्ज्ञ झाला होता. त्यानं मला दुपारच्या सुट्टीत पाण्याच्या ग्लासवर सगळं शिकवलं. ग्लास दांडीला धरायचा. गोल फिरवायचा. नाक आत घालायचं. मग डोळे थोडे मिटून म्हणायचं, "जांभूळ, दालचिनी आणि ओली माती." हे वाक्य मी पाठ केलं. तेवढं पाठांतर मी कंपनीच्या खात्यांतर्गत परीक्षेसाठीही कधी केलं नव्हतं.

शनिवारी पाच वाजता मी बाटली घेऊन शिरीषकडे पोचलो. त्याची बायको मृणाल घरात असेल, या अटीवर आत्याबाईंनी कांचनला सातपर्यंत सोडलं होतं. मृणालनं लग्नात आहेरात आलेले दांडीचे ग्लास खोक्यातून पहिल्यांदाच बाहेर काढले. आणि मग लक्षात आलं की बाटलीचं बूच काढायचं यंत्र कुणाकडेच नाही. तज्ज्ञाकडेसुद्धा नाही.

शिरीषनं बुचात एक लांब स्क्रू पिळला आणि तो पकडीनं ओढायला लागला. मी बाटली पायात धरून बसलो. अर्धं बूच आलं. उरलेलं अर्धं मृणालनं उलथन्याच्या दांड्यानं आत ढकललं. वाईनमध्ये बुचाचा भुगा तरंगायला लागला. तो काढायला आम्ही वाईन चहाच्या गाळण्यानं पातेल्यात गाळत होतो, तेवढ्यात दार वाजलं आणि कांचन आत आली.

तिनं पातेलं बघितलं, गाळणं बघितलं, माझ्या शर्टावर उडालेले डाग बघितले आणि ती खळखळून हसली.

"आमच्याकडं औषध फवारायच्या आधी असंच गाळतात," ती म्हणाली. "नोझल तुंबू नये म्हणून."

शिरीष आणि मृणालही हसले. मीही हसायला हवं होतं. आज वाटतं, त्या क्षणी मी नुसता हसलो असतो आणि म्हणालो असतो की बाई गं, मला यातलं ओ की ठो कळत नाही, तर पुढचं सगळं आयुष्य वेगळं झालं असतं. पण मला ते हसणं झोंबलं. बागाईतदाराच्या पोरीनं कारकुनाला हसावं तसं ते मला ऐकू आलं.

"ही फवारायची नाही," मी म्हणालो. "जरा महागातली आहे."

"कितीची?" तिनं सहज विचारलं.

"भेटवस्तूची किंमत विचारत नाहीत."

"बरं," ती म्हणाली आणि रिकामी बाटली हातात घेऊन मागचं लेबल वाचायला लागली. मी तिकडं लक्ष दिलं नाही. आम्ही पातेल्यातली वाईन ग्लासांत ओतली. मृणालनं एका ताटलीत चिवडा आणि दुसरीत केकचे तुकडे ठेवले. मी ग्लास दांडीला धरला, फिरवला, नाक आत घातलं आणि म्हणालो, "जांभूळ, दालचिनी आणि ओली माती."

कांचननंही वास घेतला. अगदी मनापासून, दोनदा. "जांभूळ आहे," ती म्हणाली. "दालचिनी नाही बाई मला येत."

मग तिनं एक घोट घेतला. तिच्या घरात दारूला शिवतही नसत, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं होतं, ती नुसते ओठ लावेल. पण तिनं तो घोट तोंडात धरून ठेवला, गालात इकडून तिकडं फिरवला, आणि मग गिळला. कुणी शिकवल्याशिवाय कुणी असं करत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

"कडू आहे," ती म्हणाली.

"वाईन कडूच असते, वहिनी," शिरीष म्हणाला.

"नाही हो, तसं नाही. तुरटपणा वेगळा. ह्यात बी कच्चं आहे." ती उत्साहानं पुढं सरकली. "तोडणीच्या आधी आपण बी चावून बघतो ना, ते भाजलेल्या शेंगदाण्यासारखं लागलं तर तोडायचं. हिरवं आणि कडू लागलं तर थांबायचं. बाटलीवर दोन हजार एक लिहिलंय. त्या वर्षी जानेवारीत आभाळ आलं होतं, वाईनवाल्या कंपनीनं घाबरून सगळ्यांना दहा दिवस आधी तोडायला लावलं. मी अण्णांना म्हणत होते, बी अजून हिरवं आहे. हा माल आमच्याच शिवारातला आहे, मागं गावाचं नाव आहे बघा."

तिनं बाटली माझ्यापुढं धरली. मी बघितलं नाही. मला एवढंच दिसत होतं की शिरीषच्या मिशीत हसू फुटतंय. जरा महागातली वाईन होणाऱ्या बायकोच्या शेताच्या बांधावरून आली होती. सोमवारी हे सगळ्या ऑफिसला कळणार होतं.

"वहिनी, तुम्ही द्राक्षं खायची, आम्ही प्यायची," शिरीष म्हणाला.

"हो ना," मी म्हणालो. "शेतात द्राक्षं तोडणं वेगळं आणि वाईन कळणं वेगळं. तुला नाही कळायचं ते."

मृणाल उठून स्वयंपाकघरात गेली. कांचन रागावलेली दिसली नाही. तिनं ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं.

"तुम्हाला कशी लागली?" तिनं विचारलं.

माझी जीभ कच्चा पेरू खाल्ल्यासारखी खरखरीत झाली होती. घशाशी कडवटपणा साचला होता. चिवड्याचा बकाणा भरावा असं वाटत होतं.

"अप्रतिम," मी म्हणालो.

"खरं सांगा. मला वाईट नाही वाटायचं. कडू नाही लागली?"

"नाही."

"थोडीसुद्धा?"

"अजिबात नाही. सांगितलं ना एकदा."

तिनं मान हलवली. मग ग्लास उचलला आणि सगळा संपवला, औषध संपवतात तसा. "छान आहे," ती म्हणाली.

जिंकलो, असं मला वाटलं. लाज वाटते, पण खरंच वाटलं.

सातला दहा मिनिटं असताना आम्ही दोघं गॅलरीत उभे होतो. ती पर्स उघडून काहीतरी शोधत होती. आत एका पांढऱ्या लांब पाकिटाचं टोक दिसत होतं. तिनं त्याला हात लावला आणि पर्स मिटली.

"तुला काहीतरी विचारायचं होतं," मी म्हणालो. आता मला धीर आला होता.

"हं," ती म्हणाली. "शालूचा रंग विचारायचा होता. हिरवा घेऊ का डाळिंबी?"

मला एवढं हायसं वाटलं की मी मोठ्यांदा हसलो. "डाळिंबी घे," मी म्हणालो.

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, दामूअण्णा एकटेच आमच्या घरी आले. पायजमा, वर कोट, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून साखरपुड्याची साडी काढली, अंगठीची डबी काढली आणि दोन्ही आमच्या देवघराच्या उंबऱ्याशी ठेवलं. आईनं पदर तोंडाला लावला.

"पोरगी नाही म्हणती," ते म्हणाले.

बबनमामा उसळले. "नाही म्हणती म्हणजे? काय पोरखेळ आहे का? पत्रिका छापायला टाकल्यात!"

"छपाईचा खर्च मी देतो."

"मामा, थांबा," मी म्हणालो. मला तो प्रकार सहन होईना. जे झालं ते झालं, आता तरी बोलून टाकावं असं वाटलं. "अण्णा, मी साहेब नाही. मी कारकून आहे. माझ्या हाताखाली कुणीही नाही. आम्ही खोटं सांगितलं. त्याबद्दल तुम्ही म्हणाल ती शिक्षा."

दामूअण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे मोतीबिंदूनं पांढुरके झालेले होते.

"ते आम्हाला साखरपुड्याच्या आधीपासून ठावं व्हतं," ते म्हणाले. "पोरगी द्यायची म्हटल्यावर चौकशी करत न्हाई का माणूस? तुमच्या हपिसातल्या शिपायानंच सांगितलं. कांचनला म्हटलं, बाई, कारकून हाय. ती म्हणली, असू द्या, माणूस मला बरा वाटला. मामा बोलला, तो न्हाई बोलला."

मामा खाली बसले.

"मग आता काय झालं?" मी विचारलं.

"ते मला बी नीट समजलं न्हाई," अण्णा म्हणाले. "ती म्हणती, अण्णा, त्यांना कडू लागलं होतं. मी त्यांचं तोंड बघितलं. तीनदा विचारलं, तीनदा न्हाई म्हणले. तुम्हाला कळतंय का यातलं काही?"

ते उठले, दारात चपला घालताना थांबले.

"वाईनच्या कारखान्याचं पत्र आलंय तिला. माझे डोळे गेल्यापास्नं द्राक्षातली साखर तीच मोजती, बी तीच चावती. ते बघून साहेबांनी लॅबमध्ये घेतो म्हणून लिहिलं. लग्नानंतर करू का नको, ते तुम्हाला विचारायला म्हणून आली व्हती ती नाशकाला. साड्या काय, दिंडोरीतबी मिळत्यात. विचारलं न्हाई का तिनं?"

"नाही," मी म्हणालो.

"मग विचारायची गरज ऱ्हायली नसंल," असं म्हणून ते गेले.

पुढं वर्षभर मी जिथं जाईन तिथं सांगत राहिलो की बागाईतदारांचा माज आपल्याला परवडणारा नव्हता. शिरीष एकदा म्हणाला, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. त्यानंतर मी त्याच्याशी फारसा बोललो नाही. माझं लग्न झालं. बायको चांगली आहे, तिच्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. मी परीक्षाही दिली आणि खरोखरचा अधिकारी झालो. हाताखाली सहा माणसं आली. बबनमामांचा अंदाज फक्त दोनानं चुकला होता.

दोन हजार आठ साली त्याच कारखान्याच्या विम्याचं काम माझ्याकडे आलं. आगीचा विमा, यंत्रांचा विमा, मोठी पॉलिसी. मी जावं की न जावं, यावर दोन रात्री घालवल्या. शेवटी गेलो. ती तिथं असेल हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच गेलो. रस्ताभर मी एकच गोष्ट घोकत होतो. तिनं काहीही विचारलं तरी या वेळी खरं सांगायचं.

कारखान्याचे मॅनेजर मला मोठमोठ्या स्टीलच्या टाक्यांमधून फिरवत होते. एका टाकीपाशी पांढरा कोट घातलेली कांचन उभी होती. केसांत दोन-चार पांढरे. मला बघून ती दचकली वगैरे नाही. तिनं नमस्कार केला. मीही केला. तू म्हणावं की तुम्ही, ते मला सुचेना.

"मॅडम, साहेबांना नवीन वाईनची चव दाखवा," मॅनेजर म्हणाले. "आमचं यंदाचं सगळ्यात मोठं काम आहे साहेब हे. दिल्लीहून माणसं येणार आहेत. यांच्या हाताला यश आहे."

तिनं टाकीची छोटी तोटी उघडली आणि दोन ग्लासांत थोडी थोडी वाईन घेतली. एक मला दिला. मी ग्लास दांडीला धरला. फिरवला मात्र नाही. घोट घेतला आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. घशापर्यंत कडू. त्या दिवशीपेक्षाही कडू.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

तोच सरळ डोळ्यांनी बघणारा चेहरा. पाच वर्षांनी तोच प्रश्न. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, असं मला आजही वाटतं. माझ्या शेजारी मॅनेजर हसऱ्या चेहऱ्यानं उभे होते. त्यांच्या केबिनमध्ये माझी पॉलिसी सहीसाठी उघडी पडली होती. आणि ती तिची वाईन होती, तिच्या साहेबासमोर तिला वाईट कसं म्हणायचं, असंही मी स्वतःला त्या एका क्षणात समजावलं. मला कारणं नेहमी चटकन सापडतात.

"अप्रतिम," मी म्हणालो.

मॅनेजर खूश झाले. कांचननं माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग तिनं आपल्या ग्लासातला घोट तोंडात घेतला, गालात इकडून तिकडं फिरवला आणि खाली वाकून जमिनीतल्या नाल्यात थुंकून टाकला.

"कडू आहे, सर," ती मॅनेजरना म्हणाली. "अजून आठ महिने तरी बाटलीत भरायची नाही. दिल्लीवाल्यांना कळवा."

मॅनेजरांचं हसू मावळलं, पण त्यांनी मान हलवली आणि वहीत ते लिहून घेतलं. तिनं नळाखाली आपला ग्लास धुतला, माझा मागून घेतला आणि तोही धुतला.

माझा मात्र आधीच रिकामा होता. मी सगळी गिळली होती.